कोकोचं रान आणि राधानगरीची शीव

कोकोचं झाड मुळात सावलीतलं. ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात, उंच झाडांच्या बुडाशी, अर्ध्या उजेडात वाढणारं. शेंगा फणसासारख्या थेट खोडाला लागतात, आणि परागीकरण करणाऱ्या माश्या अगदी चिलटाएवढ्या बारीक, त्या वाढतात ओल्या पालापाचोळ्यात, कुजलेल्या केळीच्या खुंटात. म्हणजे जंगलाची सावली, जंगलाचा ओलावा, जंगलातले किडे हे सगळं ज्या पिकाला लागतं त्याच पिकासाठी पश्चिम आफ्रिकेतलं जंगल तुटलं, आणि तेही थोडंथोडकं नाही. आयव्हरी कोस्टमध्ये १९६० च्या आसपास दीड कोटी हेक्टरच्या वर जंगल होतं, आता ३० लाख हेक्टरसुद्धा उरलेलं नाही. सगळा दोष कोकोचा नाही, लाकूडतोड आहे, यादवी युद्ध झालं, पण कोकोचा वाटा फार मोठा.

मी कोल्हापूरचा, आमच्याकडं ऊस नि भात, मग तुला कोकोचं काय पडलंय असं घरात विचारतात. तर दोन कारणं आहेत. एक, माझा कॉलेजचा मित्र गेली काही वर्षं घानात कोको खरेदीच्या कामावर आहे, तिकडं पश्चिम भागात, जिथं राखीव जंगलं आणि कोकोची शेतं एकमेकांना अक्षरशः खेटून आहेत, आणि तो रविवारी फोन करतो तेव्हा आम्ही बाजारभावापेक्षा झाडांवरच जास्त बोलतो. दुसरं, माझ्या मामाची शेती राधानगरी तालुक्यात अभयारण्याच्या अगदी कडेला आहे. मित्र जे तिकडचं सांगतो ते ऐकताना मला सारखं मामाचं शिवार डोळ्यासमोर येतं, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कोकोवाला शेतकरी जंगलात शिरतो कशाला? फ्रांस्वा रुफ नावाच्या फ्रेंच अभ्यासकांनी हे फार नीट मांडलंय. नुकतंच तोडलेलं जंगल म्हणजे शेकडो वर्षांचा साठलेला कस, तण कमी, रोग कमी, ओल टिकलेली. तिथं कोको लावला की कमी खर्चात जोमानं येतो. पंचवीस तीस वर्षांनी झाडं म्हातारी होतात, कस संपतो, रोग वाढतात, आणि जुन्याच जागी परत लावायचं म्हटलं तर मजुरी दुप्पट, खतं, औषधं, वर तीनचार वर्षं उत्पन्न शून्य. मग माणूस काय करणार, पुढचं जंगल बघणार. त्यात १९७०-८० नंतर सावलीशिवाय उघड्या उन्हात भरपूर देणाऱ्या संकरित जाती आल्या, त्या सुरुवातीला खरंच भरपूर देतात पण लवकर थकतात. याला शेतकऱ्याची हाव म्हणणं मला पटत नाही. ज्याच्याकडं पाचसात एकर जमीन आहे आणि बँकेचं तोंड पाहिलेलं नाही त्याला हा हिशोब दुसरा कुठलाच पर्याय ठेवत नाही.

घानात राखीव जंगलं इंग्रजांनी आखली, १९२७ च्या वनकायद्यानंतर जोरात. तेव्हा कोको येऊन पन्नासेक वर्षं झालीच होती, तेत्ते क्वार्शी या माणसानं १८७९ साली फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या असं तिकडं शाळेत शिकवतात. त्यामुळं जंगलाची हद्द आखताना आत आधीपासून असलेली शेतं होती, ती मोजून, हद्द ठरवून, कागदावर मान्य केली गेली. कायदेशीर शेत, राखीव जंगलाच्या पोटात. आणि मग पुढच्या पिढ्यांत ते शेत कागदावर जेवढं तेवढंच राहिलं पण जमिनीवर हळूहळू पसरलं, कारण मुलं वाढली, वाटण्या झाल्या. हे वाचताना राधानगरी, चांदोलीच्या आतल्या वाड्या ज्यांनी बघितल्यात त्यांना वेगळं काही समजावून सांगायला नको.

आता झाडाच्या मालकीचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळी मेख इथंच आहे.

घानात १९६२ च्या कायद्यानं असं ठरलं की आपोआप उगवलेली लाकडी झाडं, मग ती जंगलात असोत की तुझ्या कोकोच्या शेतात, ती राष्ट्राध्यक्षांच्या ताब्यात. जमीन गावच्या प्रमुखाच्या गादीची, कोको शेतकऱ्याचा, आणि कोकोला सावली देणारं ओडुम किंवा माहोगनी सरकारचं. सरकार लाकूडवाल्या कंपनीला परवाना देणार, कंपनी येऊन शेतातलं झाड पाडणार, ते पडताना खालची कोकोची दहावीस झाडं चिरडणार, भरपाई मिळाली तर मिळाली. मग शेतकरी काय करतो? रोप बारकं असतानाच उपटतो. मोठं असेल तर बुडाशी साल गोल सोलून काढतो किंवा बुंध्याला जाळ लावतो, झाड उभ्या उभ्या वाळतं, कंपनीला त्याचा उपयोग राहत नाही आणि कोको वाचतो. म्हणजे झाड सरकारच्या ताब्यात ठेवणारा कायदाच शेतकऱ्याच्या हातानं झाड मारतो.

मित्रानं हे पहिल्यांदा सांगितलं त्याच महिन्यात मी मामाकडं गेलो होतो. भात कापून झालं होतं आणि मामा कोयता घेऊन बांध साफ करत होता, बांधावर किंजळाची चारपाच रोपं होती, कमरेएवढी, सरळ सोट, ती सगळी त्यानं छाटून टाकली. मी म्हटलं मामा कशाला, राहू दे की. तर म्हणाला, "आरं, मोठा झाला की त्यो माझा ऱ्हातोय व्हय? तोडायला कागूद, न्ह्यायला कागूद. त्यापरीस बारकं हाय तवर छाटल्यालं बरं." आपल्याकडं १९६४ चा झाडतोडीचा कायदा आहे, त्याच्या यादीत ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, फणस, साग, खैर अशी झाडं आहेत, स्वतःच्या सातबाऱ्यावर असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. हेतू चांगलाच होता. पण मोठं झाड म्हणजे हेलपाटे हे एकदा माणसाच्या डोक्यात बसलं की तो रोप मोठं होऊच देत नाही. संध्याकाळी मित्राला फोनवर हे सांगितलं तर तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, "भावा, हितं बी ह्येच हाय. फकस्त झाडाचं नाव दुसरं."

आणि नावसुद्धा तितकं दुसरं नाही बरं का. घानातल्या कोकोच्या शेतात सावलीसाठी ज्या झाडांची शिफारस होते त्यात ओफ्राम आणि एमिरे ही दोन आहेत, दोन्ही टर्मिनॅलिया कुळीतली, आणि आपला ऐन, किंजळ, हिरडा पण टर्मिनॅलियाच. मला या गोष्टीनं काय आनंद झाला ते सांगता येत नाही, सह्याद्रीतला आणि आफ्रिकेतला शेतकरी एकाच भावकीतल्या झाडांशी असा वागतोय.

जमिनीचंही असंच गुंतागुंतीचं आहे. तिकडं वाट्यानं शेती करायच्या दोन पद्धती, अबुनू म्हणजे निम्म्या वाट्यानं आणि अबुसा म्हणजे तिसऱ्या हिश्श्यानं. अबुनूत बाहेरून आलेला माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर कोको लावतो, जगवतो, झाडं फळाला आली की शेताची वाटणी, अर्धं त्याचं अर्धं मालकाचं. पण बहुतेक ठिकाणी हा हक्क कोकोची झाडं उभी आहेत तोवरच, झाडं गेली की जमीन मालकाकडं परत. आता यात रोगाची भर घाला. खोड सुजवणारा एक विषाणू आहे, १९३६ मध्ये घानातच पहिल्यांदा सापडला, पिठ्या ढेकूण तो पसरवतो आणि त्याला औषध नाही, झाड तोडून टाकणं हाच उपाय. पण झाड तोडलं तर माझी जमीन जाते! मग आजारी झाडं तशीच उभी, उत्पन्न दरवर्षी घटत, रोग शेजाऱ्याच्या शेतात, आणि नवीन कोको लावायला नवीन जंगल. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं शेतकरी अडाणी आहे, रोगट झाड तोडत नाही. आपल्याकडं कूळकायदा येण्याआधी वाट्यानं करणारा माणूस बांधावर आंबा लावायचा का, आजोबांच्या पिढीतल्या कुणालाही विचारा.

मग राखीव जंगल सांभाळायचं कसं? एक रस्ता पहाऱ्याचा. आयव्हरी कोस्टनं २०१६ मध्ये मों पेको राष्ट्रीय उद्यानातून हजारो लोकांना बाहेर काढलं, वर्षानुवर्षं आत कोको लावून बसलेली कुटुंबं. उद्यान मोकळं झालं आणि आजूबाजूच्या गावांवर एकदम एवढी माणसं येऊन पडली, खायला नाही, राहायला नाही. युद्धाच्या काळात सरकारनंच तिकडं बघितलं नव्हतं आणि मग एके दिवशी अचानक हद्द आठवली. आपल्या चांदोलीचे विस्थापित जमिनीसाठी किती वर्षं लढतायत, कोल्हापूरच्या कलेक्टर ऑफिससमोर किती वेळा ठिय्या मारून बसलेत ते आपण बघितलंय. जंगल मोकळं करणं एक दिवसाचं काम असेल, माणसं उभी करणं नाही.

दुसरा रस्ता वाटा देण्याचा, आणि तो घानातच थोडा थोडा करून बघितलाय. पूर्वी तिथं उजाड राखीव जंगलात लागवड करताना शेतकऱ्याला रोपांच्या ओळीत दोनतीन वर्षं केळी, अळकुड्या, मका घ्यायला द्यायचे, झाडांची सावली पडली की शेतकरी बाहेर. झाडात त्याचा काही हिस्सा नाही. साहजिकच रोपं मरायची, कुणीतरी मुद्दाम मारायचं, कारण रोप मेलं तर जमीन अजून एक वर्ष आपल्याकडं. २००२ च्या सुमारास पद्धत बदलली, लाकडाच्या उत्पन्नात ४० टक्के शेतकऱ्याचे, ४० टक्के वनखात्याचे, १५ टक्के जमीनमालक गादीचे आणि ५ टक्के गावाचे. तीच माणसं, तीच जमीन, आता रोपांची निंदणी करतात, वणवा लागला तर धावतात. अडचण एवढीच की साग तयार व्हायला वीसपंचवीस वर्षं, तोवर खायचं काय याचं उत्तर त्या ४० टक्क्यांत नाही. मित्र म्हणतो सावली पडल्यानंतरची मधली वर्षं फार अवघड जातात लोकांना, आणि माझ्या मते कुठल्याही योजनेत खरी परीक्षा तिथंच असते.

त्याशिवाय क्रेमा नावाची व्यवस्था आहे. आजूबाजूची गावं एकत्र येऊन आपली समिती करतात, नियम ठरवतात, कुठं शिकार नाही, कुठून काय आणायचं, ओढ्याच्या काठची झाडं कुणी तोडायची नाहीत वगैरे, आणि मंत्र्याच्या सहीनं त्या भागातल्या वन्यजीवांच्या व्यवस्थापनाचा हक्क त्या समितीला मिळतो. २००० पासून हे चाललंय, २०२३ च्या नव्या वन्यजीव कायद्यानं त्याला पक्का आधार मिळाला. हे वाचताना मला आपल्या गडचिरोलीतलं मेंढा लेखा आठवलं, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवलेलं गाव, बांबू आपला आपण विकणारं. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र सामूहिक वनहक्काचं नाव काढलं की ते आदिवासी भागाचं आहे म्हणून विषय संपवतात. कायद्यात इतर पारंपरिक वननिवासीही आहेत. धनगर वाड्यांनी तीन पिढ्यांचा वहिवाटीचा पुरावा जमवणं कठीण आहे हे मान्य, पण अशक्य नाही.

मला सगळ्यात जास्त आवडलेलं उदाहरण सिएरा लिओनमधलं, गोला रेनफॉरेस्ट. साधारण ७१ हजार हेक्टर, म्हणजे आपल्या राधानगरी अभयारण्याच्या दुप्पट. चिंपांझी आहेत, बुटका पाणघोडा आहे. आधी लाकूडतोड झाली, मग १९९१ ते २००२ यादवी युद्ध, लोक गावं सोडून पळाले, कोकोच्या बागा रानात गडप झाल्या. डिसेंबर २०१० मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. त्याच्या कडेला सात पारंपरिक सरदाऱ्यांत मिळून १२२ गावं आहेत, आणि उद्यानाची कार्बनची योजना या १२२ गावांना धरूनच आखली. जंगल उभं राहिल्याबद्दल जो पैसा येतो त्यातून जमीनमालक घराण्यांना, गावाच्या कामाला, मुलांच्या शिष्यवृत्तीला वाटा, बायकांचे बचतगट, राखणदार त्याच गावांतले. आणि कोकोबाबत एक शहाणपणाचं काम केलं, नवीन लागवड न करता युद्धात पडीक गेलेल्या जुन्या बागाच परत उभ्या करायच्या, छाटणी, सावली राखणं, शेंगा फोडल्यावर बिया केळीच्या पानात पाचसात दिवस नीट आंबवणं, मग उन्हात वाळवणं. आंबवणं चुकलं तर चॉकलेटला चव येत नाही आणि व्यापारी भाव पाडतो, ते सुधारलं तर तेवढ्याच झाडांत जास्त पैसे. जंगलाचा एक फूट न घेता उत्पन्न वाढलं.

आता प्राण्यांचं. घानातल्या काकुम राष्ट्रीय उद्यानातले हत्ती बाहेर येऊन शेतं तुडवतात, तर तिथं लोकांनी मिरचीचं कुंपण करून बघितलं, दोरीला चिंध्या बांधायच्या आणि त्यांना मिरचीपूड मिसळलेलं ग्रीस फासायचं. हत्तीला तो वास सहन होत नाही. पाऊस पडला की परत फासावं लागतं, मिरची संपली की परत आणावी लागते, म्हणजे काम रोजचं आहे, पण स्वस्त आहे आणि शेतकऱ्याच्या हातातलं आहे. आपल्याकडं आजरा, चंदगडला कर्नाटकातून आलेले हत्ती ऊस, केळी, नाचणी खातात, राधानगरीला गवे. मामाच्या उसात रात्री गव्यांचा कळप शिरला की सकाळी अर्धा एकर झोपलेला असतो. पंचनामा, फोटो, अर्ज, मग भरपाई, जी येते पण उशिरा येते आणि नुकसानीच्या मानानं थोडी. १९५८ साली गव्यासाठी राज्यातलं पहिलं अभयारण्य आपल्या दाजीपूरला झालं, २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत राधानगरीचं नाव लागलं, या दोन्ही गोष्टींचा मला फार अभिमान आहे. पण त्या गव्याचा चारा शेवटी कुणाच्या शिवारातून जातो त्याचा हिशोब त्या यादीत कुठंच नाही.

भावाबद्दल थोडंसं, कारण त्याशिवाय हे सगळं हवेत राहतं. घानात कोकोबॉड हे सरकारी कोको मंडळ हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्याचा दर जाहीर करतं, आपल्या उसाच्या एफआरपीसारखा प्रकार. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला, इतका भाव आधी कुणी बघितला नव्हता, पण माल आधीच पुढच्या सौद्यात कमी दरानं विकलेला असल्यामुळं शेतकऱ्याच्या हातात त्यातला थोडाच आला. पोती रात्रीतून सीमेपलीकडं टोगोत जायला लागली. वर काट्याची भानगड तिकडंही आहे, पोत्यामागं वजन मारतात. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला बसलेल्या कुठल्याही माणसाला हे भाषांतर न करता कळेल. आणि भाव वाईट असला की सोनं खणणारे टोळकं घेऊन येतात, रोख पैसे दाखवतात, शेतकरी कोकोची बाग खणायला देतो. नंतर तिथं खड्डे, गढूळ नदी आणि पारा. जंगल, कोको दोन्ही गेलं.

युरोपचा नवा कायदाही येऊ घातलाय, ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलावरचा कोको तिथं विकता येणार नाही, प्रत्येक शेताचं जीपीएसवरचं ठिकाण नोंदवावं लागणार. अंमलबजावणी पुढं पुढं ढकलली जातेय. कल्पना बरोबर आहे, पण नकाशे काढायचा खर्च आणि धाक छोट्या शेतकऱ्यावर येऊ नये एवढंच. जंगल राखल्याबद्दल पैसा देणं जास्त उपयोगी असं मला वाटतं, आणि ते होऊ शकतं, घानाला जानेवारी २०२३ मध्ये कोको पट्ट्यातलं कार्बन उत्सर्जन कमी केल्याबद्दल वर्ल्ड बँकेकडून साधारण ४८ लाख डॉलर मिळाले, शेतकरी आणि गावांचा त्यात ठरलेला वाटा आहे.

आपल्याकडं राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, चंदगड या पट्ट्यात अभयारण्याबाहेरचं कितीतरी जंगल मालकी रान आहे, लोकांच्या सातबाऱ्यावरचं. पोराचं लग्न, दवाखाना, पोरीची फी, काही निघालं की ठेकेदार येतो, रानाचा ठोक सौदा होतो, आणि दोन महिन्यांत जळाऊ लाकडाच्या गाड्या भरून डोंगर बोडका. शेतकऱ्याला त्यात जे मिळतं ते ऐकून वाईट वाटतं इतकं कमी असतं. इको सेन्सिटिव्ह झोनची, म्हणजे तोडीवर बंधनं घालणारी, अधिसूचना काढून हे थांबत नाही, कारण अडचण आली की विकायला त्याच्याकडं तेवढंच आहे. उभ्या झाडाचा दरवर्षी थोडा तरी पैसा मिळाला पाहिजे आणि मोजून नोंदवलेलं झाड पुढंमागं तोडायची वेळ आली तर हेलपाटे न घालता तोडता आलं पाहिजे, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिजेत, नुसती एक देऊन भागणार नाही. हिरडा, जांभूळ, करवंद, मध, शिकेकाई हे सगळं आहे आपल्याकडं. कोकोच्या बियांना आंबवण्यानं जसा भाव येतो तसा हिरडा नीट वाळवून, प्रतवारी करून, दहा वाड्यांनी एकत्र विकला तर येईल, आज तो जो येईल त्या व्यापाऱ्याला मिळेल त्या दरात जातो.

मित्र मे महिन्यात सुट्टीवर येतोय. त्याला घेऊन मामाच्या वाडीला जायचं ठरलंय, वाडीतल्या आठदहा जणांनी आपापल्या मालकी रानातली झाडं मोजून घ्यायला होकार दिलाय. छातीएवढ्या उंचीवर घेर मोजायचा, झाडाला खडूनं नंबर, वहीत गट नंबर, झाडाचं नाव, घेर, मालक. तिकडं शेतातली झाडं नोंदवायचं काम त्यानं केलेलं आहे त्यामुळं वही कशी आखायची ते तोच सांगणार. मामानं विचारलं ह्येचा उपेग काय, तर त्याला सांगितलंय की आधी आपल्याकडं काय आहे ते आपल्याला माहीत पाहिजे, मग ग्रामसभेत ठराव घेऊ, मग पुढचं. भुदरगड, आजरा, शाहूवाडी भागात कुणी अशी मोजणी केली असेल तर कळवा, आणि हिरड्याला तुमच्याकडं यंदा किलोला काय दर मिळाला तेही लिहा, वाडीत सगळ्यांना तेच आधी विचारायचंय.